पान एकशे बारा

स्टाफरूममध्ये तिला संदर्भताई म्हणत. तोंडावर कुणी म्हणत नसे, पण तिला ठाऊक होतं. कुणी सहज म्हणालं, की रोज चाललं म्हणजे गुडघे दुखायचे थांबतात, तर ती विचारायची, "कुठे वाचलंत?" त्यात टोमणा नसायचा. तिला खरोखरच जाणून घ्यायचं असायचं. माणसं तरीही घाईघाईने चहा संपवायची.

घरीही तीच तऱ्हा. नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर लोकांच्या नाकावर फ्रेमा चढवून तो घरी यायचा आणि कानावर पडलेल्या बातम्या सांगायचा. बाजाराजवळचा पूल पाडणार आहेत म्हणे. ती विचारायची, कोण म्हणालं? गिऱ्हाईक म्हणालं. त्याला कोण म्हणालं? इथे तो हात टेकायचा आणि टीव्ही लावायचा.

सासूबाईंनी मात्र या सगळ्यातून स्वतःपुरती करमणूक काढली होती. सुनेच्या टेबलावरच्या कागदांतून त्यांनी एक शब्द उचलला होता. तत्रैव. लागोपाठच्या दोन तळटिपांत एकाच पुस्तकाचा हवाला असला, की दुसऱ्या वेळी पुस्तकाचं नाव पुन्हा न लिहिता एवढंच लिहायचं. म्हणजे, वर सांगितलं तिथेच. तेव्हापासून संध्याकाळी कुणी जेवायला काय आहे असं विचारलं, की सासूबाई गंभीरपणे म्हणायच्या, "तत्रैव." म्हणजे सकाळचंच.

सकाळचंच बरेचदा असायचं, कारण संदर्भताईचा प्रबंध चालू होता.

विषय होता कादंबरीतला शेजारी. नवरा म्हणाला होता, खरे शेजारी काय कमी डोकं खातात म्हणून आता पुस्तकातले घरी आणलेस. पण विषय तिचा आवडता होता. अडचण विषयाची नव्हतीच. ती गेली कित्येक वर्षं कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवत होती. म्हणजे तास घेतला तर मास्तरीण, नाही घेतला तर कुणीच नाही. यंदा ती जागा कायमची भरायची होती. डॉक्टरेट असेल तर ती जागा तिची, नसेल तर कालपरवा पास झालेल्या कुणाचीही. आणि विद्यापीठाने दिलेली शेवटची मुदतवाढ येत्या सोमवारी संपत होती. याच्या पुढे मुदत नाही, हे तिथल्या कारकुनाने तिला अगदी समाधानाने सांगितलं होतं.

प्रबंध लिहून झाला होता. प्रस्तावना झाली, समारोप झाला, संदर्भसूची झाली. संदर्भसूचीने तर तिचा जीव मेटाकुटीला आणला होता. आधी लेखकाचं आडनाव, मग नाव, मग पुस्तक, मग प्रकाशक, गाव, वर्ष. कुठे स्वल्पविराम, कुठे पूर्णविराम, यावर विभागात दोन तट होते आणि दोन्ही तटांचं पत्रक तिच्याकडे होतं. तळटिपांचे क्रमांक तिने हाताने टाइप केले होते. कॉम्प्युटर ते आपोआप करतो हे तिला कुणी सांगितलं नाही. सांगितलं तेव्हा फार उशीर झाला होता. पहिल्या प्रकरणात सरांनी एक तळटीप वाढवायला लावली, तर तिथून पुढची प्रत्येक तळटीप एकेका घराने सरकली, आणि अख्खा प्रबंध भलत्याच लोकांच्या तोंडी भलतीच वाक्यं घालू लागला. ते निस्तरताना मेंदूचा भुगा झाला. पण तेही झालं.

राहिली होती फक्त सरांची सही.

सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. एम. ए. ला तेच शिकवायचे. पहिल्या तासाला ते फळ्याकडे पाठ करून सांगायचे, की जे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं नाही, ते तळटिपेत घालायचं नाही. वर्गातली मुलं हे वाक्य वहीत लिहून घ्यायची आणि विसरायची. हिने लिहून घेतलं नाही. हिच्या ते अंगात भिनलं. सगळं तिथेच बिघडलं.

सरांनी प्रबंध चाळला. चेहरा समाधानाचा होता. मग तिसऱ्या प्रकरणापाशी बोट थांबलं. तिथे सरांचंच एक प्रसिद्ध वाक्य होतं. शेजाऱ्याने दार वाजवेपर्यंत घरातलं दुःख हे नुसतं दुःख असतं. त्याने वाजवलं, की त्याची कादंबरी होते. त्याला तळटिपेचा क्रमांक होता. पानाच्या तळाशी तोच क्रमांक होता आणि त्याच्यापुढे कोरी जागा.

तिने सांगितलं, की सरांचा हा लेख ज्या ग्रंथात आला तो तिला मिळालेला नाही. फार पूर्वी एका चर्चासत्रात सरांनी तो वाचला होता, आणि चर्चासत्राचा जो ग्रंथ निघाला त्यात तो होता, असं सगळेच म्हणत. सर म्हणाले, त्यांच्या आधीच्या आठ विद्यार्थ्यांच्या प्रबंधात ही तळटीप आहे, त्यातली कुठलीही घे. ती म्हणाली, ती घेतली असती, पण मी पाहिला नाही ना.

सर एकदम कडक झाले. "मग पाहा. माझंच वाक्य, माझ्याच विद्यार्थिनीच्या प्रबंधात, आणि बिनआधाराचं? तळटीप भरून आण. तोवर सही नाही."

आता याला काय म्हणावं? ते चुकत नव्हते. त्यांचंच शिक्षण ते तिच्या गळ्यात घालत होते.

तिने आठही प्रबंध काढून पाहिले. आठही तळटिपा एकसारख्या. ग्रंथाचं तेच नाव, तेच संपादक, पृष्ठ एकशे बारा. आणि आठही ठिकाणी प्रकाशनाचं वर्ष गायब. नियमाप्रमाणे वर्ष हवंच. पहिला ते टाकायला विसरला असेल, हे समजू शकतं. पुढच्या सातही जणांनी विसरावं?

विद्यापीठाच्या ग्रंथालयात कॉम्प्युटर म्हणाला, ग्रंथ आहे. कपाट म्हणालं, नाही. काउंटरवरच्या बाईंनी कॉम्प्युटरची बाजू घेतली. इथे आहे असं दिसतंय ना, मग आहे, असं म्हणून त्यांनी पुढच्याला बोलावलं.

त्या आठांपैकी एक जण आता प्राचार्य झाला होता. तिने त्याला फोन केला. आपण तो ग्रंथ कुठे पाहिलात, एवढंच विचारलं. तो इतका मनमोकळा हसला, की तिने फोन कानापासून दूर धरला.

"अहो मॅडम," तो म्हणाला, "तळटीप पाहायची नसते. टाकायची असते."

शनिवारी सकाळी ती बसने निघाली. चर्चासत्र ज्या कॉलेजात झालं होतं, ते दुसऱ्या गावात होतं. तिथे तरी एखादी प्रत असेल. नवऱ्याने दुकान उघडायच्या आधी तिला स्टँडवर सोडलं आणि वाटेत तीनदा विचारलं, की तू खरंच एका ओळीसाठी परगावी चालली आहेस का.

कॉलेज लहान होतं. ग्रंथालय जिन्याखालच्या लांबट खोलीत. ग्रंथपाल डबा खात होते. त्यांनी खूण करून तिला बसवलं, सावकाश जेवण संपवलं, डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला, आणि मग विचारलं, काय हवंय. तिने नाव सांगितलं. त्यांना अजिबात आठवलं नाही. तिने संपादकांचं नाव सांगितलं. त्याबरोबर त्यांचा चेहरा उजळला.

"ते होय," ते म्हणाले, आणि कोपऱ्यातल्या पाण्याच्या कूलरकडे बोट दाखवलं.

कूलरला स्टँड नव्हतं. तो सुतळीने बांधलेल्या गठ्ठ्यांवर उभा होता. सगळे गठ्ठे त्याच ग्रंथाचे. छापून आल्यापासून ते कुणी सोडलेच नव्हते. त्यांची उंची कूलरला बरोबर बसली, म्हणून ते तिथे गेले. प्रत काढायची तर कूलर हलवायला हवा, तो हलवायचा तर पाणी काढायला हवं, आणि पाणी नुकतंच भरलं होतं. ग्रंथपालांनी तिला सोमवारी यायला सांगितलं.

सोमवारी. तिला क्षणभर रडू येईल असं वाटलं. मग राग आला, आणि रागाने काम भागवलं. तिने कोपऱ्यातली बादली उचलली आणि कूलरची तोटी उघडली. एक बादली भरली, ती बाहेर नेऊन झाडांना घातली. मग दुसरी. ग्रंथपाल बघत राहिले. चौथ्या खेपेला त्यांनाच लाज वाटली असावी. त्यांनी कूलरला एका बाजूने हात लावला.

वरच्या गठ्ठ्यातली प्रत ओलसर होती, मधल्या गठ्ठ्यातली कोरडी. ग्रंथपालांनी ती तिला देऊनच टाकली. परत आणू नका, एवढी एकच अट घातली.

तिथेच उभ्या उभ्या तिने पान एकशे बारा उघडलं.

पानभर गादीची जाहिरात होती. एक माणूस डोळे मिटून झोपला होता आणि त्याच्या खाली लिहिलं होतं, पाठ तुमची, काळजी आमची.

तिने एकशे अकरा पाहिलं, एकशे तेरा पाहिलं. अनुक्रमणिका वरून खाली आणि खालून वर वाचली. सरांचं नाव नव्हतं. शेवटी संपादकांचं मनोगत वाचलं. काही निबंध मुदतीत हाती न आल्याने समाविष्ट करता आले नाहीत, क्षमस्व, असं त्यात एक वाक्य होतं. बस. सरांचा लेख छापूनच आला नव्हता. आठ जण डॉक्टर झाले होते आणि आठही जणांनी एका गादीचा हवाला दिला होता.

ती घरी परतली तेव्हा सगळे चहाला बसले होते. तिने ग्रंथ टेबलावर ठेवला आणि ते पान उघडून दाखवलं. सासूबाईंनी चष्मा लावला. जाहिरात नीट वाचली. मग म्हणाल्या, हा माणूस मात्र सुखी दिसतोय गं.

नवऱ्याने मुद्द्याचं विचारलं. आता काय करणार? त्याच्या मते प्रश्न सोपा होता. आठांनी लिहिलं तेच नवव्याने लिहावं. कोण बघणार आहे? आजवर कुणी बघितलं?

"हेच तर," ती म्हणाली. "कुणी बघितलंच नाही."

"अगं, मग हे चांगलंच झालं की. एकशे बारा लिही, सही घे, सोमवारी नेऊन दे. मंगळवारपासून पुन्हा खरं बोल."

तिला हसू आलं नाही. तो थट्टा करत नव्हता, हे तिला कळत होतं. इतकी वर्षं त्याने एकट्याने घर ओढलं होतं. ती कायम झाली तर त्याच्या खांद्यावरचं ओझं निम्मं होणार होतं. सासूबाईंनी तिच्या पुढ्यात चहाचा कप सरकवला.

ती कॉम्प्युटरपाशी बसली. कोऱ्या जागेत ग्रंथाचं नाव टाइप केलं. संपादक टाइप केले. पृष्ठ ११२ टाइप केलं. ते पानाच्या तळाशी इतकं शहाण्यासारखं दिसत होतं, की तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. वर्षही आता तिच्याकडे होतं. ही नववी तळटीप पहिल्या आठांपेक्षा सरस झाली असती. तिने ती पुसली. मग दुसरी लिहिली, दोन-तीन ओळींची. पान छापलं आणि सरांनी सही करायच्या प्रमाणपत्राच्या कागदांबरोबर फाइलमध्ये ठेवलं.

रविवारी दुपारी ती सरांच्या घरी गेली. दार सरांच्या पत्नीने उघडलं. सर पुस्तकांच्या खोलीत होते. तिने ग्रंथ त्यांच्यापुढे ठेवला आणि पान उघडलं.

सरांनी जाहिरातीकडे पाहिलं. मग मागचं पान, पुढचं पान. मग त्यांनी ग्रंथ मिटून मुखपृष्ठ पाहिलं. ही दुसरी आवृत्ती असेल, असं ते म्हणाले. ती म्हणाली, सर, पहिलीच अजून कूलरखाली आहे. त्यांनी मनोगत वाचलं. त्यातल्या त्या एका वाक्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"मी लेख स्वतः दिला होता," ते म्हणाले. "उशिरा दिला असेल. पण दिला होता. आठ जणांनी हवाला दिलाय. आठ जण खोटं लिहितील?"

तिने सांगितलं, खोटं कुणीच लिहिलं नाही सर. पहिल्याने तुम्ही सांगितलंत म्हणून लिहिलं. बाकीच्यांनी त्याचं बघून लिहिलं.

"आणि माझ्या नंतरच्या पुस्तकात? तिथेही आहे हा हवाला."

"हो सर. तिथे तुम्ही तिसऱ्या विद्यार्थ्याच्या प्रबंधाची तळटीप दिली आहे."

सरांची पत्नी पाण्याचे पेले घेऊन आली होती. ती दारातच म्हणाली, की तो ग्रंथ घरी कधी आलाच नाही, हे मी तेव्हाच म्हटलं होतं, पण माझं कोण ऐकतं. सरांनी तिच्याकडे पाहिलं नाही. ते विचारात पडले होते. पान एकशे बारा आलं कुठून? मग त्यांनाच आठवलं. पहिल्या विद्यार्थ्याने घाईत विचारलं होतं, आणि त्यांनी अंदाजाने सांगितलं होतं. लेख मध्यावर कुठेतरी असेल, म्हणून तेवढं.

त्यांनी पेन उचललं. तिला वाटलं, सही. पण त्यांनी त्यांच्याकडच्या प्रबंधातलं तिसऱ्या प्रकरणाचं ते पान पुढे ओढलं आणि स्वतःच्या वाक्यावर रेघ मारायला सुरुवात केली.

"हे वाक्य काढून टाक," ते म्हणाले. "आधार नाही त्याला."

इतके दिवस तिला त्या तळटिपेचा वीट आला होता. त्या क्षणी मात्र तिने पानावर हात ठेवला. सरांच्या पेनाची रेघ तिच्या बोटापाशी येऊन थांबली.

"ते काढलं तर तिसरं प्रकरण पडतं सर. आणि या वाक्यामुळेच मी हा विषय घेतला. मी ते वर्गात ऐकलंय. तुमच्या तोंडून."

"ऐकलेलं चालत नाही."

"डोळ्यांनी पाहिलेलं चालतं ना? मी तुम्हाला बोलताना पाहिलंय."

त्यांनी मान वर केली. तिने सांगितलं, की दुसऱ्या मजल्यावरचा कोपऱ्यातला वर्ग होता. सर त्या दिवशी चष्मा घरी विसरले होते. टिपणं समोर होती पण वाचता येत नव्हती. म्हणून त्यांनी कागद बाजूला सारले, टेबलाला टेकून उभे राहिले आणि बोलत सुटले. त्या बोलण्यात हे वाक्य आलं. कुणीतरी पुन्हा सांगा म्हणालं, तर त्यांना ते पुन्हा तसं सांगता आलं नव्हतं.

सर ऐकत होते. त्यांच्या चेहऱ्यावरचा कडकपणा हळूहळू उतरला. चर्चासत्र त्याच्या पुढच्या महिन्यात होतं, असं ते पुटपुटले. म्हणजे वाक्य आधी वर्गात आलं. लेखात नंतर गेलं.

तिने फाइलमधून नवं पान काढलं. त्यावर तळटीप अशी होती: हे विधान मार्गदर्शकांनी एम. ए. च्या वर्गात केले. प्रस्तुत अभ्यासक तेथे उपस्थित होती. मूळ छापील लेख शोधला, परंतु तो अस्तित्वात नाही.

सरांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. 'अस्तित्वात नाही' हे जरा जास्त होतं, त्याऐवजी 'उपलब्ध नाही' लिहिता येईल, असं त्यांनी सुचवलं. ती म्हणाली, उपलब्ध नाही म्हटलं तर कुणीतरी शोधत बसेल. मग सर म्हणाले, आठ जण माझ्याकडे बोट दाखवतील. ती म्हणाली, आठ जण वाचणारच नाहीत. यावर सरांची पत्नी हसली, आणि मग सरही थोडे हसले. तो विनोद त्यांना आवडला नव्हता.

"वाक्य चांगलं होतं मात्र," ते म्हणाले. विचारल्यासारखं.

"म्हणून तर शोधत होते सर."

त्यांनी प्रमाणपत्राचे कागद पुढे घेतले. पहिल्या प्रतीवर सही केली, दुसरीवर केली. हात सावकाश चालत होता. बाइंडर रविवारी फक्त तिच्यासाठी दुकान उघडं ठेवून बसला होता. ती घड्याळाकडे न बघण्याचा प्रयत्न करत होती. शेवटच्या प्रतीपाशी सर थांबले. त्यांनी पेनाचं टोपण लावलं, शेजारी पडलेली संदर्भसूची उचलली, आणि डोळे बारीक करून तिच्यावरून बोट फिरवू लागले.

"इथे बघ," ते म्हणाले. "प्रकाशकानंतर तू स्वल्पविराम दिलायस. आमच्या वेळी तिथे अर्धविराम होता. कुठल्या पत्रकाप्रमाणे केलंयस हे?"

"सर," ती म्हणाली, "सही करा."

असं ती त्यांच्याशी आयुष्यात कधी बोलली नव्हती. सरांनी चष्म्यावरून तिच्याकडे पाहिलं. मग टोपण काढलं.